पहिला घोट सुनेचा

मी बोंडलं बोलतोय. चांदीचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणी पितळेत मोजायला नको.

आता तुमच्यातले निम्मे विचारतील, बोंडलं म्हणजे काय? अहो, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं छोटंसं भांडं. पोट गोल, वरून उघडं आणि एका बाजूला निमुळती चोच. चोच बाळाच्या गालाच्या कडेला धरायची, भांडं जरासं कलतं करायचं, की दुधाची बारीक धार आपसूक आत उतरते. बाळाला ओढायचे कष्ट नाहीत आणि आईला चमच्याची कटकट नाही. हल्ली काचेच्या बाटल्या आणि रबरी बुचं आली, आमची किंमत उतरली. पण माझी तक्रार ती नाही. घडवलं मला बाळासाठी, आणि पहिला घोट पाजला मी एका चांगल्या साडी नेसलेल्या, कुंकू लावलेल्या, वाढलेल्या बाईला. त्याचीच ही हकिगत.

माझा जन्म हुपरीचा. तिथं घरोघरी पैंजण घडतात. ओसरीवर हातोडीची टकटक, आत भट्टीची ऊब, आणि दिवसभर घुंगरांची छुमछुम. अशा गावात मी म्हणजे मुकं पोर. आकाराम नावाच्या कारागिरानं मला ठोकून ठोकून पोट दिलं, चोच वेगळी करून डाक लावून जोडली. त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, रिठ्याच्या पाण्यात घासून मला असं काही लखलखीत केलं की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. ती म्हणाली, "ह्याच्यातनं पिणारं पोरगं नशीबवान बघा." मी लगेच विश्वास ठेवला. त्या वयात कुणीही ठेवेल.

त्रेपन्न साली कोल्हापूरहून तानाबाई आल्या. आवाज असा की ओसरीवरच्या हातोड्या थांबल्या. त्यांच्या मुलाचं, त्र्यंबकचं, नुकतंच लग्न झालं होतं. नव्या सुनेला पैंजण घ्यायला आल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ह्ये बी द्या बांधून."

"बाळ कवा झालं, आक्का?" आकारामनं विचारलं.

"हुईल की! लगीन झालंय न्हवं?"

असा मी बाळाच्या आधीच घरात आलो. तानाबाईंनी मला मधल्या खोलीतल्या फडताळात, साखरेच्या डब्याशेजारी मांडलं. आणि मी वाट बघत बसलो.

वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही निघालं. मी काळवंडत चाललो. दिवाळीला एकदा राखेनं घासायचे, की पुन्हा जागेवर. सून श्यामला साखर काढायला फडताळ उघडायची, तिची नजर माझ्यावर पडायची, आणि ती मला अलगद डब्याच्या मागं सरकवायची. दुसऱ्या दिवशी तानाबाई मला पुन्हा पुढं ओढायच्या. त्या बोलायच्या काही नाहीत. एरवी चार घरांना ऐकू जाईल असं बोलणारी बाई, पण या बाबतीत एक शब्द नाही. मला मात्र सुनेचा राग यायचा. वाटायचं, हिला चांदीची किंमत नाही. माझ्याकडं बघताना तिच्या पोटात काय तुटत असेल, हे मला तेव्हा कुठलं कळायला?

श्यामला चंदगडकडची. डोंगरातली, पावसातली, हळू बोलणारी. तिला एक सवय होती. हसू आलं की पदर तोंडाशी. पदर हाताशी नसला तर तळहात. तोही रिकामा नसला तर ती वळून भिंतीकडं तोंड करायची आणि पाठीनंच हसायची. कारण तिच्या हिरड्या. दात मोत्यासारखे, पण हिरड्या पिकल्या जांभळाच्या रंगाच्या. जन्मापासूनच्या. माहेरी तिच्या आईच्या, मामांच्या, सगळ्यांच्या तशाच, त्यामुळं तिकडं कुणी लक्षच दिलं नव्हतं. इथं आल्यावर शेजारच्या बाळाबाईंनी पहिल्याच हळदीकुंकवाला विचारलं, "मिसरी लावतीस व्हय गं? एवढ्या लवकर?" सगळ्या बायका हसल्या. तानाबाई स्वतः सकाळ-संध्याकाळ मिसरी लावणाऱ्या. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटानं दातांवर फिरवत अर्धा अर्धा तास बसायच्या. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पण श्यामलेचा पदर त्या दिवसापासून तोंडावरून हलेना.

तरी बाळाबाईंचं एक सोडून देता आलं असतं. खरी सल वेगळीच होती. त्र्यंबकचा फोटोचा स्टुडिओ होता. दिवसभर कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली डोकं घालून उभा राहणारा, भला, जरासा आपल्याच नादातला माणूस. लग्नानंतर त्यानं हौसेनं बायकोला स्टुडिओत नेऊन बसवलं, फडक्याखाली डोकं घातलं, मग ते बाहेर काढून दोन बोटं ओठांवर मिटून खूण केली, "तोंड मिट." संक्रांतीला हलव्याचे दागिने घातले, पुन्हा फोटो, पुन्हा तीच खूण. मंगळागौरीला तेच. श्यामला घरी यायची, फडताळाच्या काचेत ओठ वर उचलून बघायची आणि पुन्हा मिटायची. मी तिच्या समोरच असायचो. नवऱ्याला आपल्या तोंडाची लाज वाटते, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. विचारलं मात्र कधीच नाही. आणि त्यानं सांगितलंही नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

छप्पन सालच्या थंडीत गावात गणपतराव नावाचे दातांचे डॉक्टर आले. मुंबईला शिकलेले. हिरड्यांवरचा काळा थर ते खरवडून काढतात आणि खाली नवी, गुलाबी कातडी धरते, हे श्यामलेनं नळावर ऐकलं. घरी सांगितलं, हिरड्यांतून रक्त येतंय. तानाबाईंनी लगेच टांगा बोलावला. डॉक्टरांच्या खोलीत सून एकटीच गेली आणि काय मागायचं ते मागून आली. सासू बाहेर बाकड्यावर बसून देवाचं नाव घेत होती.

परत आली तेव्हा तिचा वरचा ओठ सुजून नाकाला टेकायला आला होता. सुईनं बधिर केलेलं तोंड एका बाजूला ओघळलेलं. खरवडलेल्या हिरड्यांवर डॉक्टरांनी लवंगेच्या तेलात मळलेला पांढरा लगदा थापला होता. तो घट्ट बसतो, आतली जखम झाकतो, ठणका मारतो. तो निघू द्यायचा नाही, गरम नाही, तिखट नाही, ओढून प्यायचं नाही, जोरात थुंकायचं नाही. दुखण्याच्या गोळ्या पोटात काही घालूनच घ्यायच्या. हे सगळं तानाबाईंनी घरात येताच मोठ्यानं म्हणून दाखवलं, म्हणजे विसरायला नको.

बधिरपणा उतरला आणि ठणका सुरू झाला. श्यामला आवाज न करता रडणारी. नुसती उशी भिजत होती.

तानाबाईंनी गंगावेशीतल्या दूध-कट्ट्यावरून म्हशीचं ताजं दूध आणवलं, तापवून थंड केलं. वाटी तोंडाला लावली तर वाटीची कड लगद्याला लागली आणि सून कळवळली. चमच्यानं दिलं तर दूध सुजलेल्या ओठावरून हनुवटीवर. पोटात काही जाईना, म्हणून गोळी देता येईना, म्हणून दुखणं थांबेना. तानाबाईंनी वाटी खाली ठेवली. मग त्यांनी फडताळ उघडलं आणि साखरेच्या डब्यामागून मला बाहेर ओढलं.

खरं सांगतो, मी लाजलो. हे काय? इतकी वर्षं ताटकळत बसलो ते ह्यासाठी? मला घासलं, उकळतं पाणी ओतलं, थंड दूध भरलं. तानाबाई मला घेऊन अंथरुणापाशी बसल्या. श्यामलेनं मला बघितलं मात्र, तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"का गं? लाजतीस व्हय? हितं कोण हाय बगायला?"

श्यामलेनं मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते आता हिरड्यांच्या दुखण्याचं नव्हतं. तानाबाई माझ्याकडं बघत राहिल्या, मग सुनेकडं. त्यांना उशिरा का होईना, कळलं. तीन वर्षं आपण रोज काय पुढं ओढून ठेवत होतो ते कळलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली मी तो कधी ऐकलाच नव्हता.

"आगं लेकरा, नातवासाठी आणलंवतं खरं. पर आदी तू की. तू धड ऱ्हायलीस तर फुडचं फुडं. आ कर. जरासंच."

श्यामलेनं हळूच तोंड उघडलं. तानाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, माझी चोच गालाच्या आत, लगद्याला लागणार नाही अशी, धरली आणि मला कलतं केलं. धार उतरली. घोट गेला. मग दुसरा. मी जन्माला आल्यापासून पहिल्यांदाच रिकामा होत होतो, आणि मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! लाज कुठल्या कुठं पळाली. नंतर गोळी दिली, बर्फाचा खडा फडक्यात गुंडाळून ओठावर धरला. तानाबाईंची बोटं गारठून लाल झाली, पण त्या हात बदलत धरूनच बसल्या. श्यामला झोपली.

इथंच थांबलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. पण माया जास्त झाली की माणसं आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं औषध बाहेर काढतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठणका पुन्हा चढला. गोळी उलटून पडली. त्र्यंबक बिद्रीला एका लग्नाचे फोटो काढायला गेलेला. तानाबाईंच्या स्वतःच्या दाढा आजवर दुखल्या तेव्हा त्यांना एकाच गोष्टीनं उतार पडला होता. त्यांनी कनवटीची डबी काढली.

"डाक्टरला काय कळतंय? मिसरीनं तोंड कसं गप्प हुतंय बग."

श्यामलेनं नको नको म्हणून हात हलवला, पण सासूचा हात किती धरणार? तानाबाईंनी नखानं लगद्याची कड उचलली, एक तुकडा निघाला, आणि उघड्या ओल्या जखमेवर त्यांनी चिमूटभर मिसरी चोळली.

ती किंकाळी मी विसरणार नाही. आवाज न करता रडणारी पोर ओरडली. रक्त आलं, चक्कर आली, घेतलेलं सगळं दूध उलटलं. तानाबाई मिसरीचं बोट तसंच वर धरून बसल्या. काय झालं ते त्यांना उमगेना. मग त्या दारात जाऊन अशा ओरडल्या की बाळाबाईंचा मुलगा सायकलवर टांग टाकून डॉक्टरांकडं पळाला.

डॉक्टर आले. तोंड बघून त्यांच्या कपाळाची शीर उठली. "लगदा कुणी काढला?"

श्यामलेनं बोट स्वतःकडं केलं.

"खोटं हाय," तानाबाई म्हणाल्या. "म्या काढला. म्या मिसरी लावली."

"आक्का, तंबाखू आहे ती! सोललेल्या जागेवर तंबाखू? कातडी धरायची कशी?" डॉक्टर जखम धूत होते आणि बोलत होते. "बरं, रोग असता तर गोष्ट वेगळी. हिला रोग काहीच नव्हता. नुसता रंग. एखाद्याचा वर्ण सावळा असतो तशा हिच्या हिरड्या सावळ्या. मी म्हटलं होतं, गरज नाही. हिनंच हट्ट धरला."

आणि नेमका त्याच वेळी त्र्यंबक कॅमेऱ्याची पेटी खांद्याला लावून दारात उभा होता.

डॉक्टरांनी नवा लगदा थापला, ह्या वेळी जास्तच घट्ट, आणि बजावून निघून गेले. खोलीत तिघंच राहिली. चौथा मी.

"रंगासाठी?" त्र्यंबकनं विचारलं. "एवढं सोसलंस ते रंगासाठी? कोण काय म्हणालं तुला?"

श्यामलेला बोलता येत नव्हतं. तिनं त्याच्याकडं बघितलं, दोन बोटं उचलली, आणि आपल्या सुजलेल्या ओठांवर मिटून धरली. हुबेहूब त्याचीच खूण.

त्र्यंबकला आधी कळलं नाही. मग कळलं. तो पेटीसकट खाली बसला.

"आगं, ते... ते मी सगळ्यांनाच सांगतो गं! कलेक्टर आला तरी सांगतो. हसलं की माणूस हलतंय. माणूस हललं की फोटो पुसट येतोय, कॅमेऱ्यातली काच वाया जाती. तेवढ्यापायी म्हणतो मी, तोंड मिट. तुझ्या हिरड्या मी कधी... मला तर..."

 तानाबाई आतापर्यंत अपराधानं मान खाली घालून बसल्या होत्या. पण आता त्यांना बोलायला जागा मिळाली.

"तरीच म्हणलं! तुझ्या दुकानाच्या काचंत एक तरी माणूस हसतंय व्हय रं? नवरा-नवरी, पोरंबाळं, सगळी आपली मयताला आल्यागत उभी! आन ही बिचारी समजली हिलाच म्हंतोस. तीन वरसं बायकूला तोंड मिट म्हणालास, एकदा तरी उघड म्हणालास?"

श्यामलेच्या डोळ्यांपुढं दुकानाची ती काच आली असणार. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतीय. पण ती हसत होती. ओठ ताणला, कळ आली, दोन्ही हातांनी तोंड धरलं, तरी हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी, तोंडातून "आई गं, आई गं", आणि मधे मधे हसू. त्र्यंबक घाबरून म्हणतोय, "हसू नको, डॉक्टरांनी सांगितलंय," आणि त्यानं ती आणखीच हसतीय.

त्या संध्याकाळी तानाबाईंनी मिसरीची डबी मोरीत रिकामी केली. "तुजं तिखट बंद, तंवर माजी मिसरी बंद," असं म्हणाल्या. कोल्हापुरात तिखट बंद म्हणजे काय हाल, ते मी सांगायला नको. पण मिसरी सुटणाऱ्याचे हाल त्याहून वाईट. तानाबाईंचं डोकं धरायचं, चिडचिड व्हायची, रिकामं बोट सारखं दातांकडं जायचं. सासू-सून दोघी समोरासमोर बसून नाचणीची गार अंबील प्यायच्या. एक वाटीतून, एक माझ्यातून. दुखणं वाढलं की कोमट मिठाचं पाणी तोंडात नुसतं घोळवायचं आणि खाली सोडून द्यायचं. तेही मीच तोंडात सोडायचो. त्र्यंबकही शिकला. त्याचा हात आधी थरथरायचा, दूध नाकात जायचं. मग जमलं. दिवसभर माणसांना हलू नका म्हणणारा माणूस घरी येऊन स्वतःचा हात हलू नये म्हणून श्वास धरून बसायचा. मी त्याच्या हातात होतो, म्हणून मला माहीत.

पुढं लगदा काढला, खालून कोवळी कातडी निघाली. आधी लालभडक, हुळहुळी, मग गुलाबी. जिथं मिसरी लागली होती तिथं भरून यायला उशीर झाला आणि जागा जराशी खडबडीत राहिली. तानाबाई ती जागा रोज बघायला मागायच्या. एकदा श्यामलेनंच त्यांचा हात धरला. "आत्याबाई, दुखत न्हाई आता तिथं. बघू नका सारखं." तानाबाईंनी पदरानं डोळे पुसले, आणि डाळ करपली म्हणून उगाचच ओरडत आत गेल्या.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्र्यंबक तिला स्टुडिओत घेऊन गेला. काय झालं ते मी बघितलं नाही, पण जे आणलं ते फडताळासमोरच्या भिंतीवर लावलंय. फोटोत श्यामला हसतीय. हात तोंडावर नाही. हसताना डोकं मागं गेलंय, त्यामुळं सगळं तोंड पुसट आलंय. हिरड्या गुलाबी की काळ्या, कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. हललेला फोटो फेकून देणाऱ्या त्र्यंबकनं हा चौकटीत बसवला, आणि ह्याचाच मोठा काढून दुकानाच्या काचेत, अगदी मधोमध लावला. लोक थांबून विचारतात, फोटो हललाय की हो? तो म्हणतो, व्हय, हललाय.

आता अलीकडचं सांगतो. दोन-अडीच वर्षांनी त्या गुलाबी हिरड्यांवर पुन्हा जांभळे ठिपके दिसायला लागले. अंगचा रंग तो, किती खरवडला तरी परत यायचाच. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं म्हणे. फडताळाच्या काचेत श्यामलेनं ओठ उचलून बघितलं तेव्हा माझा जीव धसकला. पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ते सोलणं? ती बराच वेळ बघत राहिली. मग ओठ सोडला, साखरेचा डबा घेतला आणि चहा टाकायला गेली. मला मागं सरकवलं नाही.

आज दुपारी मागल्या आळीतल्या शालूबाई आल्या. त्यांच्या लेकीला बाळ झालंय, सातव्या महिन्यातच जन्मलेलं, अगदी चिमणीएवढं. त्याला ओढून पिता येत नाही. कुणीतरी सांगितलं, ह्यांच्याकडं चांदीचं बोंडलं आहे. श्यामलेनं मला काढून त्यांच्या हातात दिलं. शालूबाई नवीन राहायला आलेल्या, त्यांना काय ठाऊक? त्यांनी सहज विचारलं, "कितवं पोर तुमचं? कुणासाठी केलंवतं ह्ये?"

मोरीवर भांडी घासणाऱ्या तानाबाईंचा हात थांबला. त्र्यंबक जेवत होता, त्याचा घास थांबला. घरात पाळणा अजून हललेला नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

श्यामला हसली. सगळ्या तोंडानं, ठिपक्यांच्या हिरड्या दिसत असताना, पदर खांद्यावरच ठेवून.

"माझं हाय ते. मीच प्यालेय त्यातनं. पुढं कुणी आलं तर ते बी पिईल. न्या तुम्ही, आणि पोटभर पाजा त्याला."

तर मंडळी, मी चाललो. शालूबाईंच्या पदराआडून बोलतोय, म्हणून आवाज जरा दबका येत असेल. जाताना एकच मागणं. तुमच्या घरात कुणी तोंडावर हात धरून हसत असेल, तर त्याचा हात हळूच खाली घ्या आणि का म्हणून विचारा. लवकर विचारा. माझं काय, मला आता चिमणीएवढ्या पोराला दूध पाजायचंय. मोठ्या माणसाला पाजायची सवय झालीय. धार जरा बारीक सोडली पाहिजे.